काल चालत होतं, आज नाही: कॉन्फिगरेशन मॅनेजर, एमडीटी, एडीके आणि पीएक्सई यांचे सांधे कसे तपासायचे

नेटवर्कवरून विंडोज चढवणं हे एका सॉफ्टवेअरचं काम नाही. मशीन पीएक्सईवर (डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय) उठतं, डीएचसीपी त्याला नेटवर्कचा पत्ता देतं, डब्ल्यूडीएस (विंडोज सर्व्हरमधली डिप्लॉयमेंट सेवा) किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजरचा (मायक्रोसॉफ्टचं मशीन सांभाळण्याचं साधन, जुनं नाव एससीसीएम) स्वतःचा पीएक्सई रिस्पॉन्डर बूट फाइल पुरवतो. एडीकेमधून (मायक्रोसॉफ्टचा डिप्लॉयमेंट साधनांचा संच) बनलेलं विनपीई (बसवण्यापुरतं छोटं विंडोज) रॅममध्ये चढतं, टास्क सिक्वेन्स (बसवण्याच्या पायऱ्यांची यादी) सुरू होतो, मध्येच एमडीटीच्या (मायक्रोसॉफ्ट डिप्लॉयमेंट टूलकिट) स्क्रिप्ट धावतात आणि शेवटी मशीन डोमेनला जोडलं जातं. यातलं प्रत्येक साधन एकेकटं तपासलं तर ठणठणीत निघतं. बिघाड असतो तो एकाने दुसऱ्याच्या हातात काम दिलं त्या जागी. म्हणून 'एससीसीएम बंद पडलं' असं म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करत बसण्याआधी काम नेमकं कोणाच्या हातून कोणाकडे जाताना अडलं, ते शोधायचं.

खाली एरर कोड देताना सुरुवातीचं 'शून्य-एक्स' गाळलं आहे आणि अक्षरं देवनागरीत लिहिली आहेत.

लक्षणं

– पीएक्सई-ई५१, किंवा यूईएफआय मशीनवर पीएक्सई-ई१६. कुणाकडूनच ऑफर आली नाही. इथे विंडोजचा काही संबंधच नाही, प्रश्न नेटवर्कचा आहे.

– पीएक्सई-ई५३. पत्ता मिळाला, पण बूट फाइलचं नाव मिळालं नाही. डीएचसीपी पोचलं, पीएक्सई सर्व्हर पोचला नाही.

– पीएक्सई-ई५५. ४०११ पोर्टवर उत्तर नाही. पीएक्सई-ई३२ असेल तर टीएफटीपी (बूट फाइल पोचवणारा प्रोटोकॉल) उघडलंच नाही.

– 'पीएक्सई बूट अबॉर्टेड' असं येऊन मशीन हार्ड डिस्ककडे वळतं. हा बिघाड नव्हे. सर्व्हरने मशीन ओळखलं आणि 'तुझ्यासाठी काम नाही' असं सांगितलं.

– विनपीईची निळसर स्क्रीन येते, 'प्रिपेअरिंग नेटवर्क कनेक्शन्स' दिसतं आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. जवळजवळ प्रत्येक वेळी नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर.

– टास्क सिक्वेन्स निवडल्यावर ८००४०१०२ किंवा ८००७०००२.

– पासवर्ड टाकल्यावर लगेच ८००७२एफ८एफ किंवा ८००७२ईई७.

– कन्सोलमध्ये बूट इमेजच्या प्रॉपर्टीज उघडल्यावर ड्रायव्हर्स, ऑप्शनल कंपोनंट्स आणि कस्टमायझेशन हे टॅब गायब.

– टास्क सिक्वेन्स एडिट करायला गेल्यावर 'फेल्ड टू लोड क्लास प्रॉपर्टीज अँड क्वालिफायर्स फॉर क्लास बीडीडी…' असा संदेश.

– एमडीटीच्या डिप्लॉयमेंट शेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'विंडोज पीई' टॅबवर क्लिक करताच कन्सोल कोसळतो.

– सगळं व्यवस्थित होतं, मशीन लॉगिनपर्यंत येतं, पण वर्कग्रुपमध्येच राहतं.

तपासायला लागण्याआधी: लॉग कुठे आहे ते माहीत हवं

सर्व्हरच्या बाजूचा लॉग एसएमएसपीएक्सई. तो डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर (मशीनांना फाइली पुरवणारा सर्व्हर, पुढे 'डीपी') एसएमएस-सीसीएमच्या किंवा एसएमएस-डीपी शेअरच्या लॉग्स फोल्डरात असतो. मशीनच्या बाजूचा लॉग एसएमएसटीएस, आणि हा जागा बदलत राहतो. डिस्क फॉरमॅट होण्याआधी तो एक्स: ड्राइव्हवर विंडोजच्या टेम्पमधल्या एसएमएसटीएसलॉग फोल्डरात असतो. फॉरमॅटनंतर सी: ड्राइव्हवरच्या एसएमएस-टास्क-सिक्वेन्स फोल्डरातल्या लॉग्समध्ये जातो. क्लायंट (कॉन्फिगरेशन मॅनेजरचा मशीनवरचा प्रोग्राम) बसल्यावर विंडोजमधल्या सीसीएमच्या लॉग्समध्ये. निव्वळ एमडीटी असेल तर बीडीडी लॉग आधी एक्स: वरच्या मिनिंट फोल्डरात, मग सी: वरच्या मिनिंटमध्ये आणि काम संपल्यावर विंडोजच्या टेम्पमधल्या डिप्लॉयमेंटलॉग्समध्ये सापडतो.

एक्स: हा ड्राइव्ह म्हणजे रॅम. मशीन रीस्टार्ट झालं की पुरावा गेला. म्हणून बूट इमेजच्या कस्टमायझेशनमध्ये कमांड सपोर्ट चालू ठेवायचा आणि विनपीई येताच एफ८ दाबून काळी खिडकी उघडायची. ती उघडी असेपर्यंत टास्क सिक्वेन्स फसला तरी मशीन रीस्टार्ट होत नाही. त्याच खिडकीत सीएमट्रेस टाइप केलं की लॉग रंगांसह वाचता येतो. प्रत्यक्ष वापरातल्या मशीनसाठीच्या बूट इमेजमध्ये मात्र एफ८ बंद ठेवा, कारण त्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे सिस्टिम अकाउंटचे सगळे अधिकार असतात. चाचणीसाठी वेगळी बूट इमेज ठेवलेली बरी.

१. दुसरं मशीन, दुसरा पोर्ट, आणि घड्याळ

एकच मशीन अडतंय की सगळी? याचं उत्तर मिळेपर्यंत सर्व्हरला हात लावायचा नाही. एक मशीन अडत असेल तर केबल, वॉल पोर्ट आणि बायोस. त्याच मॉडेलची सगळी अडत असतील तर ड्रायव्हर. एका मजल्यावरची सगळी अडत असतील तर व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) आणि स्विच. सगळीकडचीच अडत असतील तर सर्व्हर, आणि बहुधा कालच कुणीतरी काहीतरी अपग्रेड केलेलं असतं.

मग बायोसची तारीख बघा. कपाटात वर्षभर पडून राहिलेल्या डेस्कटॉपची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजर एचटीटीपीएस किंवा एन्हान्स्ड एचटीटीपीवर असेल तर अशा मशीनला सर्व्हरचं प्रमाणपत्र 'अजून सुरूच न झालेलं' वाटतं आणि ८००७२एफ८एफ येतो. एफ८ दाबून डेट आणि टाइम या कमांडने घड्याळ लावलं आणि टास्क सिक्वेन्स पुढे सरकला, तर निदान पक्कं. बॅटरी बदला. हा कोड पाहून प्रमाणपत्रं नव्याने काढायला बसणारे कमी नाहीत. दुरुस्ती मात्र एका बटण-सेलची असते.

२. मागच्या फसलेल्या प्रयत्नाचा कचरा

आधीचा प्रयत्न अर्धवट राहिला असेल तर सी: वर मिनिंट किंवा एसएमएस-टास्क-सिक्वेन्स हे फोल्डर उरतात. नवा प्रयत्न त्यांना पाहून 'जुनंच काम पुढे चालू आहे' असं समजतो आणि भलत्याच पायरीपासून सुरू होतो. मशीन रिकामं करायचंच असेल तर एफ८, डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क शून्य, क्लीन. क्लीन लिहिण्याआधी डिस्कचा आकार वाचा. यूएसबी पेनड्राइव्ह लावलेला असेल तर कधीकधी शून्य क्रमांक त्याला मिळतो. आणि वापरकर्त्याचा डेटा डिस्कवर असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही.

३. सर्व्हर मशीनला ओळखतोय, पण चुकीच्या नावाने

याला थोडा वेळ देऊ, कारण लॅपटॉपांना इथरनेट पोर्ट नसण्याच्या काळात हा बिघाड दर आठवड्याला येतो.

टेक्निशियनकडे एकच यूएसबी इथरनेट डोंगल असतो आणि पंधरा नवे लॅपटॉप. पहिला लॅपटॉप 'अननोन कॉम्प्युटर' म्हणून येतो आणि सुरळीत पार पडतो. त्यावर क्लायंट बसतो, कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये रेकॉर्ड तयार होतं आणि त्यात डोंगलचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) नोंदला जातो. दुसरा लॅपटॉप तोच डोंगल लावून येतो. एसएमएसपीएक्सई लॉगमध्ये त्याचा मॅक आणि एसएमबायोस जीयूआयडी (लॅपटॉपचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसतो, त्याखाली 'डिव्हाइस इज इन द डेटाबेस', आणि त्याखाली 'नो अ‍ॅडव्हर्टाइजमेंट्स फाउंड'. सर्व्हरच्या लेखी हा अनोळखी राहिलेलाच नाही. तो पहिला लॅपटॉप आहे, आणि डिप्लॉयमेंट तर अननोन कॉम्प्युटर्सच्या कलेक्शनला लावलेलं आहे.

काही जण पहिल्या लॅपटॉपचं रेकॉर्ड डिलीट करून पुढे जातात. तेवढ्यापुरतं चालतं, पण पहिल्या लॅपटॉपचा क्लायंट पुन्हा हजेरी लावतो आणि पुन्हा तेच. खरा उपाय साइटच्या (कॉन्फिगरेशन मॅनेजरची उभारणी) हायरार्की सेटिंग्जमध्ये आहे. 'क्लायंट अप्रूव्हल अँड कॉन्फ्लिक्टिंग रेकॉर्ड्स' टॅबवर डुप्लिकेट हार्डवेअर आयडेंटिफायर्सच्या यादीत डोंगलचा मॅक टाका. मग सर्व्हर तो मॅक ओळखीसाठी धरत नाही, जीयूआयडी बघतो. कचेरीत जेवढे डोंगल आणि डॉक असतील तेवढे सगळे एकदाच टाकून ठेवा. डेल, एचपी, लेनोवोच्या व्यावसायिक लॅपटॉपांमध्ये बायोसमध्ये मॅक पास-थ्रू असतो. तो चालू केला तर डॉकऐवजी लॅपटॉपचा स्वतःचा मॅक पुढे जातो.

याच घरातला दुसरा प्रकार: 'अननोन' नावाचं खरंखुरं डिव्हाइस कन्सोलमध्ये तयार झालेलं दिसतं. अर्धवट फसलेल्या टास्क सिक्वेन्सची ती पैदास. डिलीट करा. आणि डिप्लॉयमेंट 'रिक्वायर्ड' असेल व मशीनने ते एकदा घेऊन झालं असेल, तर डिव्हाइसवर राइट क्लिक करून 'क्लिअर रिक्वायर्ड पीएक्सई डिप्लॉयमेंट्स' केल्याशिवाय सर्व्हर पुन्हा देणार नाही.

४. विनपीईत नेटवर्क आहे का, डिस्क आहे का

एफ८, आयपीकॉन्फिग. काहीच आलं नाही तर ड्रायव्हर नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला तर ड्रायव्हर आहे पण डीएचसीपी वेळेत पोचलं नाही. अशा वेळी अर्धा मिनिट थांबून आयपीकॉन्फिग रिन्यू करा. आता पत्ता मिळाला तर स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचा पोर्टफास्ट बंद आहे. पोर्ट जागा होईपर्यंत विनपीईचा धीर सुटलेला असतो. रिन्यूनंतरही मिळाला नाही तर त्या पोर्टवर ८०२.१एक्स प्रमाणीकरण आहे का ते नेटवर्कवाल्यांना विचारा, कारण विनपीईकडे त्यासाठी प्रमाणपत्र नसतं. पत्ता बरोबर आहे आणि ८००७२ईई७ येतोय, तर नावाचं भाषांतर होत नाही. पिंगने मॅनेजमेंट पॉइंटचं (मशीनला सूचना देणारा कॉन्फिगरेशन मॅनेजरचा सर्व्हर) पूर्ण नाव तपासा, नुसतं छोटं नाव नव्हे.

पीएक्सईवर मशीन उठलं म्हणजे नेटवर्क कार्ड चालतं, मग विनपीईत का नाही, असा प्रश्न हमखास येतो. पीएक्सईच्या वेळी कार्डाच्या फर्मवेअरमधला ड्रायव्हर काम करतो, विनपीईत विंडोजचा लागतो. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही.

डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क केल्यावर यादी रिकामी? इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या कित्येक लॅपटॉपांत व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळण्याची सोय) चालू असतं आणि एनव्हीएमई डिस्क त्याच्या आड लपते. बायोसमधून व्हीएमडी बंद करण्याचा मोह होतो. एका मशीनवर निदानासाठी करा, शंभर मशीनवर नको. इंटेल रॅपिड स्टोरेजचा व्हीएमडी ड्रायव्हर बूट इमेजमध्येही घाला आणि चढणाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हर पॅकेजमध्येही. फक्त बूट इमेजमध्ये घातला तर विंडोज डिस्कवर उतरतं आणि पहिल्या बूटलाच निळी स्क्रीन येते.

बूट इमेजमध्ये फक्त नेटवर्क आणि स्टोरेजचे ड्रायव्हर घाला. साउंड, ग्राफिक्स, ब्लूटूथ यांचं विनपीईत काहीच काम नाही. ते फक्त इमेज फुगवतात, आणि टीएफटीपीवरून ती ओढायला लागणारा वेळ वाढवतात.

५. सामान डिस्ट्रिब्युशन पॉइंटवर पोचलंय का

८००४०१०२ म्हणजे टास्क सिक्वेन्समध्ये उल्लेख असलेलं एखादं पॅकेज या मशीनला कुठल्याच डीपीवर सापडत नाही. लॉगमध्ये पॅकेजचा आयडी असतो. कन्सोलमध्ये टास्क सिक्वेन्सच्या रेफरन्सेस टॅबवर तो शोधा आणि कंटेंट स्टेटस बघा. ते हिरवं असेल तर बाउंड्री ग्रुप (कोणत्या नेटवर्कने कोणत्या डीपीकडे जायचं ते ठरवणारी नोंद) बघा. नवा व्हीलॅन टाकला, डीएचसीपी स्कोप बनवला, पण बाउंड्रीत कुणी घातलाच नाही, ही शाखा-कार्यालयांतली ठरलेली चूक आहे.

८००९१००७ म्हणजे हॅश जुळत नाही. त्या एका पॅकेजचं डीपीवर पुन्हा वितरण करा. ८००७०००५ किंवा ८००७०५२ई दिसला तर नेटवर्क अ‍ॅक्सेस अकाउंट लॉक झालंय किंवा त्याचा पासवर्ड बदललाय.

६. बूट इमेजची शिळी प्रत

एमडीटी आणि डब्ल्यूडीएस एकत्र वापरणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. एमडीटीत 'अपडेट डिप्लॉयमेंट शेअर' केलं की लाइटटचची (एमडीटीची डिप्लॉयमेंट पद्धत) नवी विम फाइल (बूट इमेज असलेली फाइल) शेअरच्या बूट फोल्डरात तयार होते. डब्ल्यूडीएसकडे मात्र स्वतःची वेगळी प्रत असते, आणि ती आपोआप बदलत नाही. डब्ल्यूडीएसमध्ये जाऊन त्या बूट इमेजवर 'रिप्लेस इमेज' करावं लागतं. ड्रायव्हर घालून घालून थकलात आणि काहीच फरक पडत नाही, तर मशीन बहुधा महिन्यापूर्वीची प्रत उचलतंय. एफ८ दाबून व्हर ही कमांड द्या. विनपीईचा बिल्ड क्रमांक दिसतो, तो सर्व्हरवरच्या एडीकेशी ताडून बघा. एडीके तोच असेल आणि फक्त ड्रायव्हर बदलले असतील तर दोन्ही विम फाइलींच्या तारखा बघा.

इथेच दुसरा गोंधळ: बूटस्ट्रॅप आणि कस्टमसेटिंग्ज या दोन आयएनआय फाइली. बूटस्ट्रॅप बूट इमेजच्या पोटात जाते, म्हणून तिच्यात शेअरचा पत्ता किंवा अकाउंट बदललं की इमेज पुन्हा बनवायला लागते आणि डब्ल्यूडीएसमध्येही बदलायला लागते. कस्टमसेटिंग्ज शेअरवरून वाचली जाते, तिच्यासाठी काहीच बनवावं लागत नाही. मात्र कॉन्फिगरेशन मॅनेजरशी जोडलेल्या एमडीटीत ती सेटिंग्ज पॅकेजमध्ये असते, म्हणजे ते पॅकेज डीपीवर अपडेट करायचं.

आणि विंडोज ११च्या डीव्हीडीतली बूट विम सरळ डब्ल्यूडीएसमध्ये टाकून सेटअप चालवणं मायक्रोसॉफ्टने बंद केलंय. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. एमडीटीने किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजरने बनवलेल्या बूट इमेजला ही बंदी लागू नाही.

७. आवृत्त्यांचा मेळ

आतापर्यंतच्या तपासण्या फुकट होत्या. इथून पुढे बदलाची परवानगी, बॅकअप आणि कामाच्या वेळेबाहेरचा तास लागतो.

एडीके आणि विनपीई अ‍ॅड-ऑन हे विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून दोन वेगळे इन्स्टॉलर झाले. दोन्ही एकाच आवृत्तीचे हवेत. एक नवा आणि एक जुना असेल तर बूट इमेज बनवताना अर्ध्यावर मोडते. योग्य क्रम असा: आधी जुनं अ‍ॅड-ऑन काढा, मग जुना एडीके काढा, रीस्टार्ट, मग नवा एडीके, त्यात डिप्लॉयमेंट टूल्स आणि यूएसएमटी (वापरकर्त्याचा डेटा हलवणारं साधन) पुरे, मग नवं अ‍ॅड-ऑन, पुन्हा रीस्टार्ट. कॉन्फिगरेशन मॅनेजरची साइट अपग्रेड करायची असेल तर एडीके आधी बदला. साइट अपग्रेड होताना डिफॉल्ट बूट इमेज त्या वेळी बसलेल्या एडीकेमधून नव्याने बनतात, त्यामुळे एक फेरी वाचते.

नुसता एडीके बदलला तर बूट इमेज जुन्याच राहतात. टॅब गायब होतात ते याच कारणाने: इमेजच्या आतलं विनपीई आणि सर्व्हरवरचा एडीके यांच्या आवृत्त्या वेगळ्या असल्या की कन्सोल ती इमेज एडिट करू देत नाही. बूट इमेजवर 'अपडेट डिस्ट्रिब्युशन पॉइंट्स' करताना 'रीलोड धिस बूट इमेज विथ द करंट विंडोज पीई व्हर्जन' ही खूण करा. नंतर कन्सोलच्या यादीत ओएस व्हर्जन आणि क्लायंट व्हर्जन हे दोन्ही रकाने बघा. क्लायंट व्हर्जन साइटच्या आवृत्तीशी जुळलं पाहिजे.

रीलोड करताना 'फेल्ड टू इन्सर्ट ओएसडी बायनरीज इनटू द विम फाइल' आलं तर एसएमएसप्रोव्ह लॉग आणि विंडोजच्या लॉग्समधला डिझम (विम फाइली हाताळणारं साधन) लॉग उघडा. तीनपैकी एक कारण निघतं. मागच्या वेळची विम माउंट होऊन अडकलेली असते, तेव्हा डिझमच्या क्लीनअप-माउंटपॉइंट्सने ती सोडवा. अँटिव्हायरस माउंट फोल्डरात नाक खुपसत असतो, त्याला अपवाद द्या. किंवा इमेजमध्ये घातलेला एखादा जुना ड्रायव्हर नव्या विनपीईला चालत नसतो. तेव्हा सगळे ड्रायव्हर काढून इमेज बनवा आणि एकेक परत घाला.

एमडीटीची गत वेगळी आहे. त्याची ८४५६ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि विंडोज ११ तिच्या अधिकृत यादीत नाही. तरी ते वापरलं जातं आणि चालतं, पण नव्या एडीकेशी त्याचे तीन खटके ठरलेले:

विंडोज ११च्या एडीकेपासून ३२ बिटचं विनपीई वगळलं गेलं, आणि एमडीटी मात्र एक्स८६ फोल्डर शोधतं. 'विंडोज पीई' टॅबवर कन्सोल कोसळतो तो यामुळे. एडीकेच्या विंडोज प्रीइन्स्टॉलेशन एन्व्हायर्नमेंट फोल्डरात एक्स८६ आणि त्याच्या आत विनपीई-ओसीज असा रिकामा फोल्डर बनवा. कन्सोल उघडला की शेअरच्या जनरल टॅबवरून एक्स८६ची खूण काढून टाका.

लाइटटचचा विझार्ड स्क्रिप्ट एरर देतो. विझार्ड एचटीए आणि व्हीबीस्क्रिप्टवर चालतो आणि नव्या विनपीईतलं जेस्क्रिप्टचं इंजिन बदललंय. एमडीटीच्या टेम्प्लेट्समधल्या अनअटेंड-पीई एक्सएमएल फाइलमध्ये विझार्डच्या आधी एक कमांड घाला: इंटरनेट एक्सप्लोररच्या मेन कीखाली जेस्क्रिप्ट-रिप्लेसमेंट ही डीवर्ड व्हॅल्यू शून्य. मग बूट इमेज 'कम्प्लीटली रीजनरेट' करा, ऑप्टिमाइझ नव्हे.

जुन्या बायोसचं मशीन एमडीटीला यूईएफआय वाटतं आणि डिस्कचे भाग चुकीचे पडतात. २००४च्या एडीकेसोबत हे सुरू झालं. मायक्रोसॉफ्टचा केबी४५६४४४२ हा हॉटफिक्स बीडीडी युटिलिटी डीएलएल बदलतो. तो टेम्प्लेट्समध्येही टाकायचा, आधीपासून असलेल्या शेअरच्या टूल्स फोल्डरातही, आणि टूलकिट पॅकेज असेल तर त्यातही. एकाच जागी टाकून 'लागू होत नाही' म्हणणं सोडा.

व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून हळूहळू जाणार असं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच सांगितलंय. नवं काही उभारत असाल तर एमडीटीवर उभारू नका. आहे ते चालवायचं असेल तर चालणाऱ्या एडीकेचे इन्स्टॉलर जपून ठेवा.

८. कन्सोल आणि एमडीटीची जोडणी

'फेल्ड टू लोड क्लास…' हा संदेश टास्क सिक्वेन्स बिघडल्याचा नाही. एमडीटीच्या पायऱ्यांची व्याख्या एसएमएस प्रोव्हायडरच्या डब्ल्यूएमआयमध्ये असते आणि त्या दाखवणाऱ्या डीएलएल फाइली प्रत्येक कन्सोलच्या बिन फोल्डरात असतात. साइट किंवा कन्सोल अपग्रेड झाला की यातलं एक किंवा दोन्ही पुसलं जातं. अशा वेळी टास्क सिक्वेन्स उघडून 'ओके' करू नका. संदेश आला की कॅन्सल.

साइट सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून 'कॉन्फिगर कॉन्फिगमॅनेजर इंटिग्रेशन' चालवा. आधी रिमूव्ह, मग इन्स्टॉल. मग ज्या ज्या मशीनवरून कोणी टास्क सिक्वेन्स एडिट करतं, त्या प्रत्येक मशीनवर तेच. त्यानंतर नवं एमडीटी टूलकिट पॅकेज बनवा आणि टास्क सिक्वेन्समधल्या 'यूज टूलकिट पॅकेज' या सगळ्या पायऱ्यांत ते बदला. एकाच टास्क सिक्वेन्समध्ये ही पायरी अनेकदा येते. एक जुनी राहिली तरी रीस्टार्टनंतर गॅदर पायरी फसते.

९. डीएचसीपी, आयपी हेल्पर आणि ६६-६७चं भूत

मशीन आणि पीएक्सई सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर राउटरवर आयपी हेल्पर (मशीनची विनंती दुसऱ्या व्हीलॅनमधल्या सर्व्हरपर्यंत पोचवणारी सेटिंग) दोन हवेत: एक डीएचसीपी सर्व्हरचा, दुसरा पीएक्सई असलेल्या डीपीचा. दुसरा नसेल तर ई५३. पोर्ट यूडीपी ६७, ६८, ६९ आणि ४०११.

हेल्परऐवजी डीएचसीपीत ऑप्शन ६६ (बूट सर्व्हर) आणि ६७ (बूट फाइल) भरण्याची सवय फार जुनी आहे. ६७ मध्ये एकाच बूट फाइलचं नाव मावतं. बायोसला लागते ती फाइल यूईएफआयला चालत नाही, आणि उलटही. जुन्या डेस्कटॉपांच्या काळात कुणीतरी डब्ल्यूडीएसएनबीपी लिहून ठेवलेलं असतं आणि नवे लॅपटॉप आल्यावर ते सगळे अडतात. शिवाय ६७ भरलेलं असलं की मशीन त्या नावामागे जातं आणि हेल्परवरून आलेलं योग्य उत्तर बाजूला पडतं. दोन्ही काढून हेल्पर ठेवा. मायक्रोसॉफ्टही हेच सांगतं.

डीएचसीपी आणि पीएक्सई एकाच सर्व्हरवर असतील तर दोघं ६७ पोर्टसाठी भांडतात. डब्ल्यूडीएस असेल तर त्याला डीएचसीपी पोर्ट न ऐकायला सांगा आणि ऑप्शन ६० मध्ये पीएक्सईक्लायंट टाका. कॉन्फिगरेशन मॅनेजर १८०६पासून डब्ल्यूडीएसशिवाय चालणारा रिस्पॉन्डर मिळतो. तो वापरत असाल तर एसएमएसच्या डीपी कीखाली 'डू-नॉट-लिसन-ऑन-डीएचसीपी-पोर्ट' ही व्हॅल्यू १ करा, ऑप्शन ६० तसाच ठेवा आणि दोन्ही सेवा रीस्टार्ट करा. दोघं वेगळ्या सर्व्हरवर असतील तर ऑप्शन ६० मुळीच नको.

बूट इमेज उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर टीएफटीपीचा विंडो साइज बघा. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये तो मुळात १ असतो, म्हणजे प्रत्येक तुकड्याला पोच मिळाल्याशिवाय पुढचा निघत नाही. ४ किंवा ८ करून बघा. जास्त केलात आणि काही मशीन इमेज उतरतानाच गळाली तर परत खाली आणा. डब्ल्यूडीएसवर मार्च २०१९च्या अपडेटनंतर व्हेरिएबल विंडो एक्स्टेंशनमुळे बूट मध्येच तुटायचं. जुन्या सर्व्हरवर हे दिसलं तर डब्ल्यूडीएसच्या टीएफटीपी टॅबवरून ते बंद करा.

१०. डोमेनशी जोडणी

नेटसेटअप लॉग विंडोजच्या डीबग फोल्डरात असतो. त्यात एएसी किंवा २७३२ दिसला तर ऑक्टोबर २०२२च्या सुरक्षा अपडेटपासूनचा नियम आड येतोय: त्याच नावाचं कॉम्प्युटर अकाउंट दुसऱ्या कुणी बनवलेलं असेल तर जोडणारं अकाउंट ते पुन्हा वापरू शकत नाही. रजिस्ट्रीतली जुनी पळवाट ऑगस्ट २०२४च्या अपडेटने काढून टाकली. आता एक तर जुनं अकाउंट डिलीट करा, नाहीतर डोमेन कंट्रोलरच्या ग्रुप पॉलिसीत अकाउंट पुन्हा वापरायची परवानगी असलेल्या मालकांची यादी भरा. ८५५७ म्हणजे जोडणाऱ्या साध्या अकाउंटचा दहा मशीनचा मूळ कोटा संपला. डोमेन अ‍ॅडमिनचं अकाउंट टास्क सिक्वेन्समध्ये टाकणं हा यावरचा उपाय नाही. ठरावीक ओयूवर (डोमेनमधला विभाग) अधिकार दिलेलं वेगळं अकाउंट बनवा.

इथे थांबा आणि योग्य माणसाला बोलवा

सिक्युअर बूटची चूक दाखवून मशीन अडत असेल आणि त्या मशीनवर २०११चं विंडोज प्रॉडक्शन प्रमाणपत्र रद्द यादीत टाकलेलं असेल, तर बूट फाइल २०२३च्या प्रमाणपत्राने सही केलेली हवी. हे संपूर्ण ताफ्याचं काम आहे. सिक्युअर बूट बंद करून पुढे जाऊ नका आणि फर्मवेअरची यादी हाताने बदलू नका. सुरक्षा विभाग आणि मशीनचा उत्पादक दोघांना घ्या. बिटलॉकर चालू असलेल्या मशीनवर तर रिकव्हरी की हातात असल्याशिवाय बायोसला स्पर्शही नको.

राउटर, स्विच आणि ८०२.१एक्स नेटवर्क टीमचं. तुम्ही फक्त व्हीलॅन, मशीनचा मॅक आणि वेळ द्या, पॅकेट कॅप्चर ते घेतील.

साइटच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये हाताने एकही ओळ बदलायची नाही, इंटरनेटवर क्वेरी तयार मिळाली तरी नाही. अडकलेलं रेकॉर्ड, न संपणारं साइट अपग्रेड, एकाच वेळी सगळ्या डीपींवर पडलेलं वितरण: यांत मायक्रोसॉफ्टकडे केस उघडा. तशीच प्रमाणपत्रांची मुळं, म्हणजे अंतर्गत सर्टिफिकेट ऑथॉरिटी.

आणि एकच चूक तीन प्रयत्नांनंतरही त्याच ओळीवर येत असेल तर चौथा प्रयत्न करू नका. बोलावलेल्या माणसाला हे द्या: फसलेल्या एका मशीनचा एसएमएसटीएस लॉग पूर्ण, त्याच वेळेचा एसएमएसपीएक्सई, मशीनचं मॉडेल आणि मॅक, एडीके, विनपीई अ‍ॅड-ऑन, एमडीटी व साइट यांच्या आवृत्त्या, आणि शेवटचं यशस्वी डिप्लॉयमेंट कोणत्या तारखेचं. त्या तारखेनंतर सर्व्हरवर बसलेल्या अपडेट्सची यादीही जोडा. ती मागावी लागू नये.